फ्रिंज फेस्टिव्हलचे रिव्ह्यू लिहून करिअर होतं का?

पत्र असं आहे: "मॅडम, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, साहित्य घेतलंय. आमच्या इथल्या फ्रिंज, म्हणजे छोट्या स्वतंत्र ग्रुपांच्या, नाट्यमहोत्सवात रिव्ह्यू लिहायचं काम मला मिळालंय. पैसे नाहीत, पण सगळ्या शोंचा पास आहे. रोज दोन-तीन शो बघून लिहायचं. आईबाबा म्हणतात हा टाइमपास आहे, त्यापेक्षा एखादा कोर्स कर. यातून खरंच करिअर होतं का? आणि माझ्या एकदम जवळच्या मैत्रिणीचा शो पण त्यात आहे, तो वाईट निघाला तर काय लिहू?"

आधी करिअरचं बोलते, कारण आईबाबांची काळजी खोटी नाहीये. नुसते नाटकांचे रिव्ह्यू लिहून महिन्याचा पगार घेणारी माणसं आता फार थोडी उरलीत. २०१३ मध्ये लंडनच्या इंडिपेंडंट ऑन संडे या पेपरनं आपले कला-समीक्षक एकदमच कमी केले, आणि लंडनसारख्या नाटकवेड्या शहरात जर हे होत असेल तर बाकी ठिकाणी काय हे तूच ओळख. त्यामुळे "मी नाट्यसमीक्षक होणार" एवढ्या एकाच भरवशावर राहू नकोस, हे मी तुला स्पष्टच सांगते.

पण त्याचा अर्थ हे काम वाया जातं असा बिलकुल नाही. केनेथ टायनन हे लंडनचे गाजलेले समीक्षक, १९६३ मध्ये ब्रिटनचं नॅशनल थिएटर सुरू झालं तेव्हा ते तिथे लिटररी मॅनेजर झाले, म्हणजे आलेल्या संहिता वाचायच्या आणि कुठलं नाटक करावं हे सुचवायचं. बर्नार्ड शॉ १८९५ ते १८९८ साप्ताहिकात नाटकांचे रिव्ह्यू लिहायचे, नाटककार म्हणून मोठं नाव व्हायच्या आधी. ही फार मोठी माणसं झाली, ठीक आहे, पण वाट तीच आहे: संहिता वाचणं, फेस्टिव्हलसाठी नाटकं निवडणं, सांस्कृतिक पत्रकारिता, नाटक कंपनीचं प्रसिद्धीचं लिखाण, ड्रामाटर्गी, म्हणजे नाटक बसवताना संहितेवर सल्ला देणं. या सगळ्यात एकच गोष्ट विचारली जाते, की रात्री बघितलेलं सकाळपर्यंत तीनशे शब्दांत नेमकं मांडता येतं का. आणि ते कुठल्या कोर्समध्ये बसून येत नाही, लागोपाठ खूप नाटकं बघून, लिहून आणि कुणीतरी लाल पेनानं खोडून दिल्यावरच येतं.

म्हणून फुकट काम करायला माझी हरकत नाही पण एका अटीवर, तुझं लिखाण छापायच्या आधी कुणीतरी नीट एडिट केलं पाहिजे आणि काय बदललं, का बदललं हे तुला सांगितलं पाहिजे. एडिटर नसेल, जे पाठवशील ते तसंच्या तसं टाकत असतील तर तुला पासापलीकडे काही मिळणार नाही. या फेस्टिव्हलला पैसे नाहीत, ठीक. पुढच्या वेळी पैसे माग, न लाजता.

आता जे मला खरं सांगायचंय ते. फ्रिंजमधला रिव्ह्यू हा मोठ्या थिएटरच्या रिव्ह्यूपेक्षा वेगळा असतो हे आधी डोक्यात पक्कं कर. फ्रिंजची सुरुवातच अशी की १९४७ साली एडिनबरामध्ये पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला आणि आठ नाटक मंडळ्या बोलावणं नसताना आल्या, जागा शोधली आणि प्रयोग केले. एडिनबरा फ्रिंजला आजही कुणी निवड समिती नाही, जागा मिळाली की शो करता येतो. तुमच्या फेस्टिव्हलची पद्धत वेगळी असेल, काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून शो ठरतात, काही ठिकाणी निवड होते, ते विचारून घे. पण कसंही असलं तरी यातल्या बऱ्याच शोंबद्दल जगात कुणीतरी लिहिलेलं एकच पान असणार आहे आणि ते तुझं असणार आहे. मोठ्या नाटकावर दहा जण लिहितात, एकाचं चुकलं तर बाकी नऊ आहेत, इथे तू चुकलीस तर सावरायला कुणी नाही.

१९६६ चं उदाहरण बघ. टॉम स्टॉपर्ड नावाच्या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या लेखकाचं 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' एडिनबरा फ्रिंजमध्ये विद्यार्थ्यांच्या ग्रुपनं केलं. ऑब्झर्व्हर या पेपरमध्ये रोनाल्ड ब्रायडन या समीक्षकांनी त्यावर भरभरून लिहिलं, ते वाचून टायनन यांनी संहिता मागवली आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये ते नॅशनल थिएटरनं लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात केलं. आता उलटी गोष्ट. १९५८ मध्ये लंडनला हॅरल्ड पिंटर या नाटककाराचं 'द बर्थडे पार्टी' लागलं, रोजच्या पेपरांनी झोडपलं, आठवड्याभरात प्रयोग बंद पडले, आणि संडे टाइम्समध्ये हॅरल्ड हॉब्सन यांचा कौतुकाचा रिव्ह्यू आला तो रविवारी, नाटक उतरल्यावर! पिंटरचं पुढे भलं झालं, पण त्या आठवड्यातल्या रिकाम्या खुर्च्या काही भरल्या नाहीत. फ्रिंजमध्ये एखाद्या शोचे तीन-चारच प्रयोग असतात, त्यामुळे रात्रीच लिही, फार तर सकाळी. दोन दिवसांनी आलेला सुंदर रिव्ह्यू त्या ग्रुपच्या काही कामाचा नाही.

लिहायचं कसं, तर आधी काय दिसलं ते, मग तुला काय वाटलं ते. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. "नायिकेचा अभिनय काळजाला भिडला" हे वाक्य कुठल्याही नाटकाला चिकटवता येतं ना, मग ते खोडायचं. समज एकपात्री आहे, बाई फोनवर बहिणीशी बोलतेय. तू लिही की ती प्रश्न विचारते आणि उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबतच नाही, लगेच पुढचं बोलते, आणि पाचेक मिनिटांनी आपल्या लक्षात येतं की पलीकडे कुणी नाहीच. झालं! अभिनय चांगला आहे हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही, वाचणाऱ्याला शो कसा आहे ते कळलं, आणि त्या नटीलाही कळलं की कुणीतरी बघितलं. (शेवटाला येणारं गुपित असेल तर मात्र असं फोडू नकोस.)

अंधारात मोबाइल काढून टाइप करू नकोस, छोट्या जागेत तो उजेड थेट नटाच्या तोंडावर जातो. छोटी वही, जाड पेन, मोठ्ठं अक्षर, एका पानावर दोनच ओळी. लक्ष कधी उडालं ते पण लिहून ठेव, म्हणजे त्या वेळी स्टेजवर काय चाललं होतं, कारण कंटाळा का आला याचं उत्तर बहुतेक तिथेच असतं. नावं प्रोग्रॅमवरून तपासून घे, नाव चुकलेला चांगला रिव्ह्यूसुद्धा माणसाला टोचतो.

आणि परिस्थिती बघून बोल. एकाच जागेत दिवसभर एकामागून एक शो असतात, सेट लावायला-काढायला मोजकी मिनिटं मिळतात, लाइट सगळ्यांना मिळून तेच, त्यामुळे "नेपथ्य साधं होतं" हा दोष नाही. पण संहितेत मधेच गोष्ट सुटली असेल, नटांचे शब्द पाठ नसतील, तर त्याला "छोटा ग्रुप आहे" म्हणून माफी द्यायची नाही. वाईटाला वाईट म्हण, पण कामाला म्हण, माणसाच्या दिसण्याला, जाडीला, उच्चाराच्या लकबीला नाही. स्टार द्यायला लावत असतील तर आधी पूर्ण लिही आणि मग स्टार ठरव. पोस्टरवर छापायला सोपं जावं म्हणून वाक्यं घडवू नकोस, ती लगेच ओळखू येतात. पास फुकट मिळालाय म्हणजे गोड लिहायचं असा काही करार झालेला नाही.

आता मैत्रिणीचं. वाईट निघाला तर काय लिहू असं विचारतेस, पण चांगला निघाला तरी तू लिहायचं नाहीस. तू केलेलं कौतुक वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही आणि एकदा हे बाहेर कळलं की तुझ्या बाकीच्या रिव्ह्यूंवर पण शंका येणार, ज्यांचा यात काही संबंध नाही त्या ग्रुपचं नुकसान. एडिटरला आजच कळव की या शोमध्ये माझी मैत्रीण आहे, तो दुसऱ्या कुणाला द्या. मैत्रिणीलाही आधीच सांग, शो झाल्यावर नको, नाहीतर तिला वाटेल आवडला नाही म्हणून टाळलं. मग तिकीट काढून जा, वही घरी ठेव.

आईबाबांना हे सगळं वाचायला दे, आणि फेस्टिव्हल संपल्यावर एडिटरनं खोडाखोड केलेले तुझे पहिले आणि शेवटचे रिव्ह्यू शेजारी ठेवून दाखव. कोर्सला अॅडमिशन त्यानंतरही घेता येईल.