खानापूर तालुक्यातील आमच्या बोअरवेलच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम आढळले, धोका किती?

आपल्या अहवालात लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम, म्हणजे कॅल्शियमसारखे एक धातू-मूलद्रव्य, दिसते. खडकांतून भूजलात उतरणारे हे नैसर्गिक स्ट्रॉन्शियम किरणोत्सारी नसते. अणुविखंडनातून (अणू फुटण्यातून) निर्माण होणारे, सुमारे 29 वर्षे अर्धायुष्य असलेले (म्हणजे तेवढ्या काळात निम्मे उरणारे) आणि हाडांच्या व रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे स्ट्रॉन्शियम-90 निराळे, आणि साध्या रासायनिक तपासणीतील आकडा त्याचा नसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे 4 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे या आकड्याने घाबरून जाऊ नये.

तरीही घरात लहान मुले असतील तर त्यांच्याकडे लक्ष द्यावे. शरीर स्ट्रॉन्शियमला कॅल्शियमप्रमाणेच हाडांत साठवते, आणि वाढत्या वयात आहारातील कॅल्शियम कमी पडले तर ते अधिक शोषले जाते. प्रमाण फारच जास्त असेल तर हाडांची वाढ बिघडू शकते. म्हणून मुलांना दूध आणि आपल्या भागात सहज मिळणारी नाचणी नियमित द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पाणी उकळून स्ट्रॉन्शियम जात नाही; आरओ यंत्राने मात्र ते बरेच कमी होते.