कर्ज सरकार फेडेल, पण कराराचा कागद आधी वाचा

गेल्या अंकात इथल्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’चा (एनएचएससी) ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. डॉक्टर-डेंटिस्ट वगैरेंनी टंचाईच्या ठिकाणी ठरावीक वर्षं काम केलं की सरकार त्यांच्या शिक्षणकर्जाचा काही भाग फेडतं, ती ही योजना. आधीच सांगते, मी वकील नाही की अकाउंटंट नाही. एका कम्युनिटी हेल्थ सेंटरच्या ऑफिसात डॉक्टरांची लायसन्सं, करार आणि रजा सांभाळते. आमच्याकडे या योजनेखाली जे काम करतात, त्यांची हजेरी दर सहा महिन्यांनी पोर्टलवर सरकारला कळवणं हेही माझंच काम. तेव्हा उत्तरं त्या खुर्चीतून दिली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी येत्या मे महिन्यात डेंटल स्कूलमधून बाहेर पडेल. डोक्यावर ३ लाख ६० हजार डॉलरचं कर्ज आहे. ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, की दोन वर्षं खेड्यात काम केलं की सरकार सगळं कर्ज माफ करतं. खरं आहे का? एकट्या मुलीला आडगावात पाठवायला मन धजत नाही. आणि तिच्या कॉलेजसाठी ह्यांनी आपल्या नावावर काढलेलं कर्ज यात बसेल का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ‘सगळं कर्ज माफ’ ही ग्रुपवरची भर आहे. डेंटिस्टला पूर्णवेळ दोन वर्षांच्या सेवेबद्दल जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळतात. फॅमिली मेडिसिन, बालरोग वगैरे प्राथमिक सेवेतले डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्यासाठी ही मर्यादा २०२४ पासून ७५,००० झाली. डेंटिस्ट मात्र ५०,००० वरच राहिले. दोन वर्षांनंतर कर्ज शिल्लक असेल तर एकेका वर्षाची मुदतवाढ मागता येते, तिचे साधारण २०,०००. म्हणजे ३ लाख ६० हजारांचा डोंगर यातून पोखरला जाईल, सपाट होणार नाही. एक जमेची बाजू अशी, की या रकमेवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही.

यजमानांच्या नावावरचं ते पॅरेंट प्लस कर्ज यात बसत नाही. कर्ज अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेलं हवं. आणि सोय म्हणून आपलं आणि आईबापांचं कर्ज एकत्र करायच्या भानगडीत मुलीने पडू नये. नाहीतर तिचं चांगलं पात्र कर्जही बाद होईल.

आता खेड्याचं. ज्या भागात किंवा ज्या दवाखान्यात डॉक्टर कमी पडतात, त्याला सरकार एक गुणांक देतं. आम्ही ऑफिसात त्याला ‘हिप्सा स्कोअर’ म्हणतो. डेंटलसाठी तो ० ते २६, प्राथमिक सेवा आणि मानसिक आरोग्यासाठी ० ते २५. आकडा जितका मोठा तितकी टंचाई जास्त. टंचाई खेड्यातच असते असं नाही. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधले दवाखाने यात आहेत, तुरुंगांतले आहेत, आदिवासी आरक्षित प्रदेशांतलेही आहेत. शिवाय आमच्यासारख्या सेंटर्सना स्वतःचा वेगळा गुणांक असतो, त्यामुळे एकाच शहरात चार मैलांवरच्या दोन दवाखान्यांचे आकडे वेगळे निघतात. पैसे वाटताना वरच्या गुणांकापासून सुरुवात होते आणि निधी संपला की वाटप थांबतं. म्हणून मुलीने नोकरीच्या मुलाखतीतच विचारावं : तुमचा डेंटलचा हिप्सा स्कोअर किती आणि गेल्या वर्षी तुमच्या किती जणांना मंजुरी मिळाली? चांगला ऑफिस मॅनेजर हे तोंडपाठ सांगतो. जो ‘बघून कळवतो’ म्हणतो, त्याच्याकडून लेखी घ्यावं.

आणखी एक. अर्ज वर्षातून एकदाच निघतात आणि अर्ज करताना मान्यताप्राप्त ठिकाणी नोकरी हातात असावी लागते, किंवा ठरलेल्या तारखेपर्यंत रुजू होण्याचं पक्कं पत्र तरी लागतं. आधी पैसे मंजूर होतील, मग नोकरी शोधू, असा क्रम इथे चालत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्टुडंट्स टू सर्व्हिस’ म्हणून वेगळी वाट आहे : १ लाख २० हजार डॉलरपर्यंत, बदल्यात तीन वर्षं. पण त्याचा अर्ज शिकत असतानाच करायचा असतो. तिने आजच तारीख बघावी.

आणि ताई, पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या. करारावर सही तिची होणार आहे.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट, ओहायोत नोकरी करतो. इथे डीपीटी (फिजिओथेरपीची डॉक्टरेट) केलं, पण कर्ज भारतातल्या बँकेचं आहे, वडील जामीन आहेत. ग्रीन कार्ड नुकतंच मिळालं. ग्रामीण भागात जायची तयारी आहे. मला काय मिळेल?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : या योजनेतून काहीच नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं, उगाच पोर्टलवर रात्री घालवाल. पहिली अडचण नागरिकत्वाची : नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरला अमेरिकन नागरिकच लागतो, ग्रीन कार्ड पुरत नाही. दुसरी अडचण, फिजिओथेरपी हा व्यवसाय त्यांच्या यादीत नाही. हे मला स्वतःला पटत नाही. आमच्याकडे शेतावर आणि पोल्ट्रीत राबून पाठ आणि खांदे गेलेले पेशंट रांगेने येतात आणि त्यांना लागतो तो माणूस तुमच्यासारखाच. पण यादी तशी आहे.

मग काय करता येईल? कुठलाही मालक कर्मचाऱ्याच्या शिक्षणकर्जापोटी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त रक्कम देऊ शकतो. ही सवलत २०२० मध्ये तात्पुरती आली होती, २०२५ च्या कायद्याने कायम झाली. अट अशी, की मालकाची तशी लेखी योजना हवी. तुमचं शिक्षण इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात झालंय, त्यामुळे कर्ज भारतातल्या बँकेचं असलं तरी ते बाद ठरू नये. मात्र टॅक्सवाल्याकडून कागद दाखवून खात्री करून घ्या. व्याजावरची वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची वजावट उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल तर तीही त्यालाच विचारा. ग्रामीण हॉस्पिटलं फिजिओ मिळत नाही म्हणून कासावीस असतात. पगाराची घासाघीस करताना ही ५,२५० ची कलमं मागून घ्या. हॉस्पिटलला पगार वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. ७५,००० डॉलरचा करार झाला, पैसे आले, कर्जात भरले. सोळा महिने झाले. आता नवीन मेडिकल डायरेक्टर आलेत आणि दर पंधरा मिनिटांना एक पेशंट, जेवायलाही उसंत नाही. राजीनामा टाइप करून ठेवलाय. उरलेल्या आठ महिन्यांचे पैसे परत केले तर सुटका होईल ना?
— एक थकलेली वाचक

उत्तर : अगं, तो राजीनामा ड्राफ्टमध्येच राहू दे. आधी हा हिशेब बघ.

तुला वाटतंय की चोवीसपैकी आठ महिने उरले, म्हणजे ७५,००० चा एक तृतीयांश, २५,००० परत द्यायचे आणि मोकळं व्हायचं. करारात तसं नाही. न केलेल्या सेवेचे ते २५,००० तर द्यायचेच, शिवाय उरलेल्या प्रत्येक महिन्याला ७,५०० डॉलर दंड. आठ महिन्यांचे झाले ६०,०००. बेरीज ८५,०००, म्हणजे मिळाले त्याहून जास्त. वर व्याज. आणि ही रक्कम वर्षाच्या आत फेडायची. अगदी शेवटच्या महिन्यात कुणी सोडून गेलं तरी किमान ३१,००० डॉलर भरावेच लागतात. हे कलम लपवलेलं नाही, करारात स्वच्छ लिहिलंय. पण पैसे खात्यात येण्याच्या आनंदात ते पान कुणी वाचत नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. करार तुझा सरकारशी आहे, या दवाखान्याशी नाही. दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी बदली मागता येते. क्रम मात्र सोडू नकोस. पोर्टलवर बदलीची विनंती टाकायची, हर्साच्या (ही योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या) ‘हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर’ या संकेतस्थळावर जागा शोधायची, नवीन जागेला लेखी मंजुरी येऊ द्यायची आणि मगच राजीनामा. मंजुरीआधी सोडलंस तर तुझी फाइल ‘करारभंग’ या खान्यात जाऊ शकते. उद्या दवाखान्यानेच तुला कमी केलं तरी त्याच दिवशी पोर्टलवर कळव. तेव्हा नवीन जागा शोधायला ते मदत करतात, पण ती तुझ्या घराजवळच असेल असं नाही.

आमच्याकडे एका डॉक्टरीणबाईंचं असंच झालं होतं. त्या माझ्या टेबलाशी येऊन रडल्या, मी पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर पोर्टल उघडून बदलीचा फॉर्म दाखवला. फॉर्म भरायला वेळ लागला नाही. मंजुरी यायला लागला. तेवढा वेळ त्यांनी दात-ओठ खाऊन काढला.

तब्येतच खचली असेल, डॉक्टर तसं लिहून देत असेल, तर वैद्यकीय कारणासाठी सेवा तात्पुरती स्थगित करता येते. सेवा संपायची तारीख तेवढी पुढे सरकते, दंड लागत नाही. रजांचाही हिशेब ठेव. वर्षाला सात आठवडे, म्हणजे कामाचे ३५ दिवस. सुट्टी, आजारपण, कॉन्फरन्स, भारतवारी सगळं त्यातच. जास्त झाले तर तितके दिवस शेवटी भरून द्यावे लागतात. डिसेंबरमध्ये लग्नाला पाच आठवडे जाऊन आलेल्यांचे चेहरे मी मार्चमध्ये पाहते.

प्रश्न : जे-१ व्हिसावर इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी संपत आली. कॉनरॅड वेव्हरवर टंचाईच्या भागात जातोय. तिथे काम केल्याबद्दल माझं कर्जही फिटेल का?
— एक डॉक्टर, मिशिगन

उत्तर : नाही. गाव तेच, काम तेच, पण योजना दोन. सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाची ती योजना १९९४ ची. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, तीन वर्षं पूर्णवेळ सेवा, बदल्यात जे-१ व्हिसाची मायदेशी दोन वर्षं परत जाण्याची अट माफ. तुम्हाला मोबदला व्हिसात मिळतो, पैशात नाही. कर्जफेडीला नागरिकत्व लागतं आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. हॉस्पिटलकडून साइन-ऑन बोनस मागा. पण मध्येच सोडल्यास तो किती परत करायचा, ते कलम सहीआधी वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न : मी क्लिनिकल सोशल वर्कर, नागरिक आहे. ना-नफा क्लिनिकमध्ये सहा वर्षं झाली, पीएसएलएफचे हप्ते मोजले जातायत. फेडरल कर्ज ७०,०००, खासगी २५,०००. आता आमचं क्लिनिक एनएचएससीला मान्य झालंय. दोन्ही एकदम घेता येतं का? नवरा म्हणतो, दोन दगडांवर पाय नको.
— एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

उत्तर : नवऱ्याला सांगा, हे दोन्ही दगड एकाच काठावर आहेत. घेता येतं. पीएसएलएफ, म्हणजे २००७ च्या कायद्याने आलेली सार्वजनिक सेवेची कर्जमाफी, फक्त फेडरल डायरेक्ट कर्जाला लागू होते आणि १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं माफ करते. तुमची चार वर्षं उरलीत. एनएचएससीचा पैसा मात्र खासगी कर्जालाही चालतो.

म्हणून क्रम असा लावा. मंजुरी आली की आधी खासगी २५,००० संपवा, कारण त्याला माफी कधीच मिळणार नाही. उरलेले फेडरलकडे वळवा. पीएसएलएफचा मासिक हप्ता त्या काळात एकदाही चुकवू नका. व्याजदर कमी मिळतोय म्हणून फेडरल कर्ज खासगी बँकेकडे नेऊ नका. तसं केलं तर सहा वर्षांचे मोजलेले हप्ते पाण्यात. आणि कर्जात भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती ठेवा, कारण एनएचएससीचे पैसे थेट तुमच्या खात्यात येतात आणि पुढच्या वर्षाची मुदतवाढ मागताना ते कर्जातच गेले याचा पुरावा लागतो.

नोकरी बदलायचा विचार आला तर एक लक्षात असू द्या : काही खासगी प्रॅक्टिस एनएचएससीला चालतात, पण नफ्यासाठी चालणाऱ्या असल्याने पीएसएलएफमध्ये बसत नाहीत.

प्रश्न : मुलगा २०२६ च्या ऑगस्टमध्ये मेडिकल स्कूल सुरू करणार. ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज, बंद होतंय म्हणतात. मग त्याने आत्ताच एनएचएससीची स्कॉलरशिप घ्यावी का?
— एक वडील, डॅलस

उत्तर : १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस बंद. मेडिकल, डेंटलसारख्या शिक्षणाला फेडरल कर्ज वर्षाला ५०,०००, एकूण २ लाख. वरचा खर्च बहुतेकांना खासगी बँकेकडून काढावा लागेल आणि खासगी कर्जाला पीएसएलएफ नाही. त्यामुळे एनएचएससीचं महत्त्व वाढणार, हे खरं.

पण स्कॉलरशिप आणि कर्जफेड यांत फरक आहे. स्कॉलरशिपमध्ये फी आणि दरमहा खर्चाची रक्कम मिळते, बदल्यात मदतीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष सेवा, किमान दोन, कमाल चार. आणि ती प्राथमिक सेवेतच. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सही करतो. तिसऱ्या वर्षी त्याला सर्जरी आवडायला लागते. मी मुलाला ओळखत नाही, पण ‘मला फॅमिली डॉक्टरच व्हायचंय’ असं तो तुम्ही न विचारता म्हणत असेल तर घ्या. नाहीतर थांबा. ‘स्टुडंट्स टू सर्व्हिस’चा अर्ज शेवटच्या वर्षी करायचा असतो आणि तोवर त्याने वेगवेगळ्या विभागांतली रोटेशन्स केलेली असतील.