जिन्यावर कोण उभं आहे?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची एकवीस गोष्टींची यादी मिळाली. यादी मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जुन्या भयकथांच्या संग्रहासाठी गोष्टी निवडून झाल्या, आता प्रस्तावना कशी लिहू, असं तू विचारलं आहेस. प्रस्तावनेचं मागाहून बघू. आधी मला सांग, या गोष्टी तू वाचल्यास कुठे? चौदा गोष्टींपुढे तू ज्या पुस्तकांची नावं लिहिलीस ती सगळी आधीच कुणीतरी केलेली संकलनं आहेत, आणि त्यांच्या संपादकांनीही त्या अशाच कुठल्या संकलनातून उचललेल्या असणार. दुसऱ्याने वाढलेल्या ताटातून तू घास उचलते आहेस. रागावू नकोस. माझ्या पहिल्या संग्रहात मी हेच केलं होतं आणि ते मला अजून खुपतं.

या कामातला माझा आग्रह एकच आहे. गोष्ट पहिल्यांदा ज्या पानावर छापली गेली, ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मूळ अंक हाती येणं अशक्य असेल तर त्याचं स्कॅन बघ. पण बघच.

तुझ्या यादीतली तिसरी गोष्ट घे, अमीलिया एडवर्ड्सची ‘द फँटम कोच’. बर्फात वाट चुकलेला माणूस आणि ती मेलेल्यांची टपालगाडी. ही गोष्ट १८६४ साली डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात आली तेव्हा तिचं नाव ‘द फँटम कोच’ नव्हतंच. डिकन्सने त्या वर्षी ‘मिसेस लिरिपर्स लेगसी’ अशी एक चौकट रचली होती. खानावळीसारखं भाडेकरूंचं घर, आणि एकेक जुना भाडेकरू आपापली गोष्ट सांगतो. त्यात ही ‘आणखी एका जुन्या भाडेकरूने सांगितलेली स्वतःची भुताची गोष्ट’ अशा मथळ्याखाली छापली गेली, लेखिकेच्या नावाशिवाय. हे कळलं की ती गोष्ट वेगळी वाचली जाते. सांगणारा इतक्या साध्या, आठवणीतल्या सुरात का बोलतो, ते उलगडतं. आणि ही बाई पुढे १८८२ साली इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढते, हे वाचलं की ‘व्हिक्टोरियन काळातील एक लेखिका’ एवढ्या ओळीवर तिची बोळवण करणं तुझ्याच्याने होणार नाही.

त्या नाताळ अंकांचं आणि आपल्या दिवाळी अंकांचं नातं मला फार जवळचं वाटतं. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडात वर्षअखेरीच्या अंकात भुताची गोष्ट असणं हा रिवाज होता. अंक घरात यायचा, शेकोटीपाशी मोठ्याने वाचला जायचा, आणि मग रद्दीत जायचा. गोष्टी हरवतात त्या अशा. वर लेखकांची नावंही नसत. डिकन्सच्याच आधीच्या साप्ताहिकाची, ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ची, कचेरीतली वही टिकली, म्हणून १९७३ साली ॲन लोर्ली या अभ्यासक बाईंना तिच्यावरून कुणी काय लिहिलं याची सूची छापता आली. ‘ऑल द इयर राउंड’ची वही गेली ती गेलीच. मग २०१५ साली जाहीर झालं, की जेरेमी पॅरट या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला या साप्ताहिकाचा बांधीव संच मिळाला आणि त्याच्या समासात पेन्सिलीने लेखकांची नावं लिहिलेली सापडली. दीडशे वर्षं निनावी राहिलेली माणसं त्या पेन्सिलीच्या खुणांतून परत आली. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

संपादक म्हणून ज्यांच्या पायाशी बसावं असे एम. आर. जेम्स. तू त्यांना भयकथालेखक म्हणून ओळखतेस. ते केंब्रिजच्या जुन्या हस्तलिखितांच्या सूच्या करणारे पंडित होते. आयरिश भूतकथाकार शेरिडन ले फॅनू १८७३ साली वारला आणि पुढच्या पन्नास वर्षांत जवळजवळ विसरला गेला. त्याच्या कितीतरी गोष्टी ‘डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन’ आणि इतर मासिकांत नावाशिवाय पडून होत्या. जेम्स यांनी त्या अंकांतून हुडकल्या आणि १९२३ साली ‘मॅडम क्रोल्स घोस्ट’ हा संग्रह काढला. कुठली गोष्ट कुठल्या मासिकात, कुठल्या साली आली, याच्या नोंदी दिल्या, आणि ले फॅनू भूतकथाकारांत पहिल्या रांगेचा आहे असं प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं. त्या वेळी जेम्स हे स्वतः या प्रकारातलं मोठं नाव होतं. तरी स्वतःच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यांनी दुसऱ्याच्या गोष्टींसाठी धूळ खाल्ली.

ले फॅनूच्याच बाबतीत आणखी एक पेच तुझ्यापुढे येणार आहे. तुझ्या यादीत त्याची ‘द फॅमिलियर’ आहे. ती १८७२ च्या ‘इन अ ग्लास डार्कली’तली. पण तीच गोष्ट त्याने १८४७ साली ‘द वॉचर’ म्हणून छापली होती. तू कुठली घेणार? लेखकाचा शेवटचा हात ज्यावर फिरला ती, की पहिल्या दमात उतरलेली ती? मी तुला उत्तर देणार नाही. दोन्ही शेजारी ठेव, ओळ ओळ ताडून बघ आणि जी घेशील तिच्याखाली साल आणि अंक लिही. वाचकाला हे कळण्याचा हक्क आहे.

आता मराठी गोष्टींकडे येतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

१९३०च्या आसपासच्या एका मासिकातली एक गोष्ट मी एका संग्रहात घेतली होती. लेखकाची फक्त आद्याक्षरं होती. जुना वाडा, रात्री दिवा घेऊन माजघरात आलेली सून, आणि जिन्यावर काहीतरी. मूळ अंकात वाक्य होतं: ‘तें जिन्यावर उभें होतें.’ १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून आजच्या वाचकासाठी लेखन नवं करायचं ठरवून मी मजकूर डीटीपीवाल्याकडे दिला आणि सांगितलं, जुने अनुस्वार काढून टाका. त्याने एका झटक्यात काढले. छापून आलं: ‘ते जिन्यावर उभे होते.’

नियमाने यात एक चूक नाही. पण नीट वाच. ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी, कुणीही नसलेलं, नाव नसलेलं. ‘ते’ म्हणजे आदरार्थी, घरातलं कुणी वडीलधारं. त्या लेखकाने पाच पानं ‘तें’ धरून ठेवलं होतं. तें हललं, तें एक पायरी उतरलं. आणि अगदी शेवटच्या ओळीत त्याने टिंब काढून घेतलं होतं: ‘ते हंसले.’ सुनेने ओळखलं होतं. गेलेले सासरे होते. सगळी गोष्ट त्या एका टिंबावर तोललेली होती आणि आम्ही पहिल्याच पानावर सगळी टिंबं झाडून टाकली होती. प्रूफं मी स्वतः तीनदा वाचली. एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं तेव्हा मला कळलं. त्यांच्याकडे मूळ अंक होता.

तेव्हापासून मी असं करतो: लेखन नवं करायचं, पण जिथे लिंग हरवतं तिथे बोलीतलं रूप घ्यायचं, ‘ते जिन्यावर उभं होतं’. टिंब परत येतं आणि वाचक अडखळत नाही. आणि लेखनात काय बदललं, काय तसंच ठेवलं, हे पुस्तकाच्या सुरुवातीला पानभर लिहायचं. प्रूफ वाचताना मूळ पानाची झेरॉक्स डाव्या हाताला हवी. नुसतं प्रूफ वाचून चुका कळत नाहीत, कारण नव्या मजकुराला स्वतःचा अर्थ असतोच.

शेवटाला तर हातच लावू नकोस. तुझ्या पत्रात दोन गोष्टींपुढे ‘शेवट थोडा आवरायला हवा’ असं लिहिलं आहे. एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ १८५२ च्या नाताळ अंकात आली तेव्हा खुद्द डिकन्सला शेवट बदलून हवा होता. भुतं फक्त त्या लहान मुलीला दिसावीत, असं त्याचं म्हणणं. गॅस्केलबाईंनी ऐकलं नाही. गोष्ट त्यांच्या मनासारखीच छापली गेली, आणि लेखिका हयात होती म्हणून हे झालं. तुझ्या यादीतला एकही लेखक आज तुझ्याशी भांडायला येऊ शकत नाही. त्यांच्या बाजूने तूच भांडायचं आहेस. शेवट पटत नसेल तर गोष्ट घेऊ नकोस.

अनुवादांबद्दल थोडंसं. इंग्रजी गोष्टीतल्या भुताचा मुंजा करू नकोस. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, असं त्याचं सगळं गणगोत आहे. तो डब्लिनच्या जिन्यावर उभा राहत नाही. उलट मराठी गोष्टीतला गिऱ्हा, समंध, देवचार, चकवा आहे तसाच ठेव आणि मागे टीप दे, कारण गिऱ्हा पाण्याकाठचा आहे हे आता शहरातल्या मुलांना ठाऊक नसतं. टिपांसाठी एन्थोव्हेनचं कोकणच्या लोकसमजुतींवरचं १९१५ चं पुस्तक जवळ ठेव. त्यातली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून गोळा झालेली आहे, आणि ती गोळा करवली होती जॅक्सनने, १९०९ साली नाशिकात ज्याला कान्हेऱ्यांनी गोळी घातली तोच. इतिहासाच्या पुस्तकातलं ते नाव मला हडळीच्या टिपेखाली भेटलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो.

आणि हडळ म्हणजे कोण, हे टीप लिहिताना विसरू नकोस. बाळंतपणात गेलेली बाई. ज्या काळात घरोघरी अशा बायका जात होत्या त्या काळाने तिला उलट्या पावलांची करून पिंपळाखाली उभी केली. जुन्या गोष्टींत विधवा, कामकरी, गावकुसाबाहेरची माणसं भुतं होऊन येतात तेव्हा लेखकाला त्यांची भीती का वाटत होती, हे विचार. अशी वाक्यं गुपचूप गाळणारे संपादक मी पाहिलेत. गाळू नकोस. गोष्ट तेवढ्या तोलाची असेल तर घे, प्रस्तावनेत नाव घेऊन बोल. नसेल तर सोड.

हक्कांचं लवकर उरकतो. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. नारायण धारप २००८ साली गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत परवानगीशिवाय एक ओळ नाही. मूळ गोष्ट मोकळी असली तरी तिच्या जुन्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. वारस शोध. फोन नको, पत्र पाठव, किंवा घरी जा. आजोबांची गोष्ट पुन्हा छापली जाणार म्हटल्यावर काही घरांतून मला अख्खी वही मिळाली आहे. मानधन थोडं असलं तरी दे, आणि पुस्तकाच्या दोन प्रती स्वतः नेऊन दे.

क्रम कसा लावायचा, तेही विचारलं आहेस. पहिली गोष्ट छोटी असू दे, गाजलेली नको. दोन जिने शेजारी शेजारी आणू नकोस. सगळ्यात लांब गोष्ट मध्यावर, वाचकाचा डोळा अंधाराला सरावला की. शेवटची अशी, की तिच्यानंतर दिवा मालवायला उठावंसं वाटू नये. प्रस्तावनेत कुठल्याही गोष्टीचं कथानक सांगू नकोस. लेखकाबद्दल, मासिकाबद्दल, सापडण्याबद्दल बोल.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला जा, मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९३ पासूनची संस्था आहे. जाण्याआधी चौकशी कर, ओळखपत्र ने, आणि पानं अलगद उलट, कडा हातात तुटतात. शं. ग. दात्यांची ग्रंथसूचीही तिथेच मागून बघ. तुझ्या यादीतल्या नवव्या गोष्टीच्या लेखकाची नुसती आद्याक्षरं आहेत, त्याचं कुठे एखादं पुस्तक झालं होतं का ते कदाचित कळेल. आणि त्या गोष्टीचं मूळ पान मिळालं तर चौथा परिच्छेद बघ. तू पाठवलेल्या प्रतीत ‘ते ओसरीवर बसले होते’ असं छापलं आहे. मला त्या वाक्याचा संशय आहे. तिथे टिंब आहे का, तेवढं मला लगेच कळव.

तुझा,
काका