एका शाळेपुरता बदल, साचा मात्र सर्वांचा

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेच्या परभणी-हिंगोलीकडील चार आणि पुण्यातील एक अशा पाच शाळांची संकेतस्थळे वर्डप्रेसच्या एकाच मल्टिसाइटवर (अनेक संकेतस्थळे चालवणाऱ्या एकाच मांडणीवर) असून सर्वांची थीम, म्हणजे रचनेचा साचा, एकच आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेसाठी मी हेडरची, म्हणजे पानाच्या वरच्या भागाची, फाइल बदलली, तेव्हा तो बदल पाचही ठिकाणी दिसू लागला आणि थीम अपडेट केल्यावर पुसलाही गेला. साचा सामायिक ठेवून एकाच शाळेपुरता बदल करता येईल का? – एक शिक्षक, परभणी

उत्तर : निश्चित येईल, मात्र मूळ थीमला हात न लावता उर्दू शाळेसाठी चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, फक्त बदललेल्या फाइली असलेली थीम) तयार करावी आणि ती त्याच संकेतस्थळापुरती सुरू करावी. नव्या फोल्डरात स्टाइल.सीएसएस ही फाइल ठेवून तिच्या आरंभीच्या टिपणीत, 'टेम्पलेट' या शब्दापुढे, मूळ थीमच्या फोल्डरचे नाव अचूक लिहावे. वर्डप्रेस प्रत्येक टेम्पलेट, म्हणजे पानाच्या एखाद्या भागाची फाइल, आधी चाइल्ड थीममध्ये शोधते आणि तिथे सापडले नाही, तरच मूळ थीमकडे वळते. म्हणून केवळ हेडर.पीएचपीची नक्कल करून तीत बदल करावा. सगळ्याच फाइली उचलून आणू नयेत, कारण नक्कल केलेल्या फाइलीला मूळ थीममधील पुढच्या दुरुस्त्या, अगदी सुरक्षेच्यासुद्धा, मिळत नाहीत. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची दिशा संकेतस्थळाची भाषा उर्दू ठेवली की बहुतेक थीममध्ये आपोआप येते, तेव्हा आधी ते करून पाहावे. कदाचित हेडर बदलण्याची गरजही उरणार नाही.

फंक्शन्स.पीएचपी, म्हणजे थीमची फंक्शने (कामे करणारे कोडचे तुकडे) असलेली फाइल, या नियमाला अपवाद आहे. ती फाइल दोन्ही थीममधून वाचली जाते आणि चाइल्ड थीमची आधी वाचली जाते. त्यामुळे तिची नक्कल केल्यास एकाच नावाचे फंक्शन दोनदा येऊन संकेतस्थळ बंद पडते.

मूळ थीम संस्थेनेच लिहून घेतली असेल, तर खरे काम तिथे आहे. समजा, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सूचना मुखपृष्ठावर हवी आहे. चार शाळांना ती लागतेच, म्हणून ती मूळ थीममध्ये, पण स्वतंत्र लहान फाइलीत असावी. पुण्याच्या शाळेने आपल्या चाइल्ड थीममध्ये त्याच नावाची रिकामी फाइल ठेवली की तिच्यापुरती सूचना नाहीशी होईल. अशी फाइल 'गेट टेम्पलेट पार्ट' या फंक्शनने बोलवावी. 'गेट टेम्पलेट डिरेक्टरी'ने मार्ग जोडून ती थेट घेतली, तर तो मार्ग नेहमी मूळ थीमकडेच जातो आणि चाइल्ड थीममधील फाइल कितीही नीट लिहिलेली असली, तरी तिच्याकडे कोणी पाहतच नाही.