परदेशी संघाचं बोलावणं आलंय, मुलाला पाठवू का?

प्रश्न : सर, आम्ही मूळचे नाशिकचे, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा एका लहान विद्यापीठाकडून चार वर्षं बास्केटबॉल खेळला. उंची सहा फूट चार इंच. एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचं, नाव घेण्यात अर्थ नाही, हे त्यालाही कळतं. आता एका एजंटमार्फत इटलीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या संघाकडून एका हंगामाचा करार आलाय. त्याचे बाबा म्हणतात, ‘इथे ज्यांना कोणी विचारत नाही ते तिकडे जातात. वर्ष फुकट जाईल, नोकरी धर.’ घरात रोज वाद होतात. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : ताई, पाठवा. करार नीट वाचून पाठवा, पण पाठवा. तुमच्या यजमानांना काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण ‘कोणी विचारत नाही ते तिकडे जातात’ हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं उत्तर तुमच्याच राज्यात आहे.

दक्षिण न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाच्या बाजूला सिकलरव्हिल नावाची वस्ती आहे. काइल हाइन्स तिथला. उंची १.९८ मीटर, म्हणजे साडेसहा फूट. तुमच्या मुलाहून जेमतेम दोन इंच जास्त. आणि खेळायचा कुठे? सेंटरला! थेट बास्केटखाली, जिथे समोर सात फुटी माणसं उभी असतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो विद्यापीठाकडून त्यानं दोन हजारांवर गुण, हजारावर रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि तीनशेवर ब्लॉक (समोरच्याचा शॉट हातानं अडवणं) केले. तरी २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणत्याही संघानं त्याचं नाव घेतलं नाही. या उंचीचा सेंटर एनबीएच्या हिशेबात बसतच नव्हता.

मग तो गेला वेरोलीला. रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेलं हे छोटं गाव, संघ इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतला. म्हणजे तुमच्या मुलाला आलंय नेमकं तसंच बोलावणं. तिथे तो दोन हंगाम खेळला. ही दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात, कारण त्या श्रेणीत आज संघाला मोजून दोन परदेशी खेळाडू घेता येतात. त्या दोघांकडून संघाची, प्रशिक्षकाची, अख्ख्या गावाची अपेक्षा असते. अमेरिकन मुलाला शेवटच्या खुर्चीवर बसवायला कोणी विमानाचं तिकीट पाठवत नाही. तो भरपूर खेळतो. चार सामने वाईट गेले तर घरीही पाठवला जातो, हेही तितकंच खरं. मुलाला हे आधीच स्पष्ट सांगा.

वेरोलीनंतर जर्मनीतलं बाम्बर्ग. बास्केटबॉलवेडापायी ‘फ्रीक सिटी’ म्हणवून घेणारं शहर. एक हंगाम तिथे, आणि २०११ मध्ये ग्रीसचा ऑलिंपियाकोस. तेव्हा ग्रीस कर्जात बुडालेला, क्लबनं खर्चाला कात्री लावलेली, तेओदोसिच आणि पापालुकास यांच्यासारखे मोठे खेळाडू सोडून गेलेले. या संघानं मे २०१२ मध्ये इस्तंबूलला युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. समोर रशियाचा सीएसके मॉस्को, त्यांच्याकडे किरिलेंको आणि तोच तेओदोसिच. तिसऱ्या सत्रात ऑलिंपियाकोस १९ गुणांनी मागे होता! तिथून एकेक बास्केट करत वर आले. शेवटचे दहाएक सेकंद उरले असताना सीएसके एका गुणानं पुढे होता आणि त्यांच्या शिश्काउस्कासचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. मग स्पानुलिसनं आत घुसून पास दिला, प्रिंतेझिसनं एका हातानं चेंडू अलगद वर सोडला आणि सामना ६२-६१ असा संपला. मी मुलांना शिकवायला लागल्यापासून या सामन्याचं उत्तरार्धातलं चित्रण दर हंगामात दाखवतो. त्यांना सांगतो, चेंडूकडे बघू नका, ऑलिंपियाकोसच्या बचावाकडे बघा.

हाइन्सची खरी विद्या तीच. पिक अँड रोलमध्ये आक्रमक संघाचा उंच गडी स्क्रीन लावतो, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्या गार्डच्या बचावपटूची वाट अंगानं अडवतो, आणि बचाव करणाऱ्या सेंटरची पंचाईत होते. मागे राहिला तर गार्ड मोकळा शॉट मारतो, पुढे आला तर मागची जागा उघडी पडते. हाइन्स सरळ स्विच करायचा, म्हणजे गार्डलाच अंगावर घ्यायचा आणि त्याच्यापुढे पावलं हलवत टिकायचा. पुढच्या क्षणी पुन्हा बास्केटखाली येऊन आपल्याहून वीतभर उंच माणसाला बॉक्स आउट करायचा, म्हणजे अंगानं रेटून चेंडूपासून दूर ठेवायचा. गुडघे वाकलेले, बूड खाली, पाठ त्याच्या अंगाला टेकलेली. ज्या उंचीपायी त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, तिच्यामुळेच त्याला हे जमलं. सात फुटी माणसाला इतकं खाली वाकून सरकता येत नाही.

२०१३ मध्ये लंडनला रेआल माद्रिदला १००-८८ असं हरवून दुसरं विजेतेपद. मग तो गेला सीएसकेकडे, ज्यांना इस्तंबूलला हरवलं होतं त्यांच्याकडेच. तिथे सात हंगाम. २०१५ च्या उपांत्य फेरीत जुन्या ऑलिंपियाकोसनंच त्याला रडवलं. पण २०१६ ला बर्लिनमध्ये जादा वेळेत फेनेरबाचेवर १०१-९६ आणि २०१९ ला स्पेनच्या व्हितोरियात एफेसवर ९१-८३. अशी चार युरोलीग विजेतेपदं. २०१६, २०१८ आणि २०२२ अशी तीनदा सर्वोत्तम बचावपटूची निवड. शेवटच्या वेळी वय ३५. शेवटची चार वर्षं मिलानला, एत्तोरे मेस्सिना या गुरूच्या हाताखाली; इटलीची ओळीनं तीन विजेतेपदं जिंकून २०२४ मध्ये तो थांबला. एनबीएत एकही सामना नाही.

तुमचा मुलगा हाइन्स होईल असं मी म्हणत नाही. पण सोळा वर्षांच्या त्या कारकिर्दीची पहिली पायरी इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतला एका छोट्या गावाचा करार होता, हे त्याच्या बाबांना जरूर सांगा. आणि जाण्याआधी त्याच्याकडून बचाव घोटून घ्या. विद्यापीठातून येणाऱ्या बहुतेक मुलांना गुण करता येतात. पण प्रशिक्षक जपून ठेवतो तो न सांगता मदतीला धावणारा गडी.

प्रश्न : अशा करारात पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची? माझा पुतण्या कॅनडातून पूर्व युरोपात खेळायला गेलाय. एका क्लबानं त्याचे दोन पगार थकवले आहेत. (वाचक, सांगली)

उत्तर : आधी त्याच्या करारातलं वादनिवारणाचं कलम बघा. तिथे ‘बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल’ हे नाव असेल तर तो सुरक्षित आहे. जागतिक महासंघ फिबानं २००७ मध्ये हे लवाद मंडळ उभं केलं, जिनिव्हात. सुनावणी बहुतेक कागदोपत्रीच होते, तिथे जावं लागत नाही. निकाल देऊनही क्लबानं पैसे दिले नाहीत तर फिबा त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकतं, आणि ही बंदी क्लबांना चांगलीच झोंबते. हे कलम नसेल तर तिथल्या स्थानिक कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. परक्या भाषेत, परक्या गावात एकट्या पोरानं ते करायचं, या विचारानंच माझ्या पोटात गोळा येतो.

त्याला सांगा, थकलेल्या पगाराची मागणी लेखी करायची. तोंडी आश्वासनावर आणखी महिने खेळत राहायचं नाही. दुसऱ्या देशातल्या संघाकडे जाताना आधीच्या देशाच्या महासंघाचं ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ म्हणजे ना-हरकत पत्र लागतं, तेही वेळेत मागून ठेवावं. आणि नव्या करारात रक्कम ‘कर वजा जाता हातात’ अशीच लिहून घ्यावी. घर, परतीचं तिकीट, दुखापत झाल्यास उपचार या गोष्टी वेगळ्या नमूद हव्यात.

प्रश्न : मुलीही अशा बाहेर जातात का? मी पुण्यात अकरावीत आहे, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळते.

उत्तर : जातात, आणि अनेक वर्षं मुलांपेक्षा मुलींना त्याची गरज जास्त होती. डायना टॉरासी हे नाव तू ऐकलं असशील. ती उन्हाळ्यात अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये फीनिक्सकडून खेळायची, आणि थंडीत रशियात. स्पार्ताक मॉस्को आणि येकातेरिनबुर्ग मिळून तिनं महिलांची युरोलीग सहा वेळा जिंकली. २०१५ मध्ये रशियन क्लबानं तिला अमेरिकेतला हंगाम खेळूच नकोस, विश्रांती घे, असे पैसे दिले आणि तिनं ते घेतले. जगातली सर्वोत्तम खेळाडू स्वतःच्या देशात खेळली नाही, कारण तिथला पगार बाहेरच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नव्हता. मला त्याचा आजही राग येतो, तिच्यावर नाही, त्या व्यवस्थेवर.

त्याच येकातेरिनबुर्गकडे परतताना फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनी ग्राइनर या अमेरिकन खेळाडूला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली. कैद्यांच्या अदलाबदलीत ती डिसेंबरात सुटली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन क्लब युरोपच्या स्पर्धांतून बाहेर काढले गेले आणि मोठ्या पगारांची ती वाट बंद झाली. तुर्कस्तान, इटली, स्पेन, फ्रान्स इथे मात्र मुली खेळतच आहेत.

तू अकरावीत आहेस ना? मग डावा हात पक्का कर. युरोपातल्या मैदानावर तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते आणि बचाव करणारीला बास्केटखालच्या पट्ट्यात कितीही वेळ उभं राहता येतं. एनबीए आणि डब्ल्यूएनबीएत तिला तिथे तीन सेकंदांची मर्यादा असते. त्यामुळे आत घुसायला जागा फार कमी मिळते. गार्डला थांबून, दोन्ही हातांनी पास देता यायला हवा. तुझ्या खेळाचा व्हिडिओ असेल तर मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी बघेन.