स्टार वॉर्सच्या जुन्या कार्डांची आणि खेळण्यांची किंमत किती येते? एकजण सगळ्याचे मिळून चार हजार देतोय, द्यावीत का?

काकांच्या ट्रंकेत कार्डं आणि चार-पाच खेळणी सापडली आणि बहीण ठेवू या म्हणते, एवढंच तुम्ही लिहिलंय. कार्डं किती, कोणत्या रंगाच्या काठाची, ते काहीच नाही. तरी लिहायला बसलो, कारण हाच प्रकार आमच्या घरात २०१२ साली झालाय. 'सगळ्याचे मिळून' भाव करणाऱ्याला काहीही देऊ नका. त्याला ढिगातली एखादीच वस्तू हवी असते, आणि ती कुठली हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं.

माझे मामा मर्चंट नेव्हीत फिटर होते. १९७८ मध्ये अमेरिकेहून येताना त्यांनी टॉप्स कंपनीची ही कार्डं आणली. आम्ही कुणी सिनेमा पाहिलेला नव्हता. काळ्या शिरस्त्राणातला माणूस आणि सोनेरी यंत्रमानव बघून गोष्टी आमच्या आम्हीच रचायचो. मेणकागदाचं पाकीट, आत सात कार्डं, एक स्टिकर आणि च्युइंगमची पट्टी. काही कार्डांच्या मागच्या बाजू जुळवल्या की मोठं चित्र तयार व्हायचं, त्यासाठी दुपारच्या दुपार जमिनीवर पालथे पडलेले असायचो.

साखर पेठेतलं आमचं घर माळवदाचं. वरून माती गळायची म्हणून आईने बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिला. दादाने गठ्ठ्याला रबर लावलं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दोन मे महिन्यांत ते रबर विरघळून सगळ्यात वरच्या कार्डाला चिकटलं आणि सोलून काढल्यावर सिनेमातल्या नायकाच्या, ल्यूकच्या तोंडावर आडवी तपकिरी रेघ राहिली. ते पहिल्या सिरीजचं एक नंबरचं कार्ड होतं. तिकडच्या पोरांनीही गठ्ठ्याला रबरच लावलेलं असणार. नंबरवार लावलेल्या गठ्ठ्यात पहिलं आणि शेवटचं कार्डच जास्त खराब होतं, म्हणून कोरं एक नंबर कार्ड बाकीच्यांपेक्षा महाग जातं.

दोन पाकिटं मात्र आईने फोडू दिली नव्हती. एक दिवाळीला, दुसरं वार्षिक परीक्षा झाल्यावर, असं ठरलं होतं. त्या दिवाळीआधीच मामा गेले. मग ती पाकिटं फोडायला कुणाचा हात झाला नाही. ती तशीच डब्यात राहिली, चौतीस वर्षं.

२०१२ मध्ये वडिलांच्या पश्चात दादाने घर रिकामं करायला काढलं. मी नोकरीला पुण्यात. जुनी नाणी, नोटा, तिकिटं घेणारा एक माणूस आला आणि दोन हजार देऊन डबा घेऊन गेला. वहिनींनी नंतर सांगितलं, त्याने कार्डांकडे धड बघितलंही नाही. पाकिटं तेवढी उजेडात धरून मागची घडी दोनदा तपासली. मी फोनवर विचारलं तर दादा म्हणाला, "काय बे, कागदाला दोन हजार आलेत की!"

आता भाव. १९७७-७८ च्या त्या पाच सिरीज: निळी, लाल, पिवळी, हिरवी, नारिंगी. प्रत्येकीत ६६ कार्डं आणि ११ स्टिकर, म्हणजे एकूण ३३० कार्डं. हाताळलेलं साधं कार्ड डॉलर-दोन डॉलरला मिळतं. निळ्या काठाची पहिली सिरीज जरा वर. सुट्या कार्डांपुरतं दादाचं बरोबर होतं, हे मी मान्य करतो. पण पहिल्या सिरीजचं न फोडलेलं एक पाकीट आज शेकडो डॉलरला जातं, आणि आमच्याकडे दोन होती. तेव्हा एवढा भाव नव्हता, असं दादा आजही म्हणतो. मग ठेवायची होती ना! डबा काय भाकरी मागत होता?

हिरव्या सिरीजमध्ये २०७ नंबर शोधा, सी-थ्रीपीओचं, म्हणजे त्या सोनेरी यंत्रमानवाचं. पहिल्या छपाईतलं चित्र आक्षेपार्ह दिसत होतं म्हणून टॉप्सने ते दुरुस्त करून पुन्हा छापलं. मागणी दुरुस्तीआधीच्या कार्डाला आहे. टॉप्सचंच १९६२ चं 'मार्स अटॅक्स', ५५ कार्डांचं, पालकांच्या तक्रारींमुळे मागे घेतलं गेलं. त्यामुळे ते दुर्मीळ झालं आणि आज भलतं महाग आहे. उलट १९९० च्या आसपासची कार्डं लोकांनी 'पुढे किंमत येईल' म्हणून खोकी भरभरून जपली. सगळ्यांनीच जपली, म्हणून त्यांना भाव नाही.

खेळण्यांबद्दल थोडक्यात. बातम्या वाचून हुरळू नका. स्टार वॉर्समधल्या बोबा फेट या पात्राचं रॉकेट उडवणारं खेळणं, तो बोबा फेट २०२४ मध्ये ५ लाख २५ हजार डॉलरला गेला, पण तो दुकानात कधी आलाच नव्हता. रॉकेट लहान मुलांच्या घशात अडकेल या भीतीने केनर या खेळणी कंपनीने तो रद्द केला आणि नमुने तेवढे उरले. तुमच्याकडे स्टार वॉर्सखेरीज लिओ कंपनीचा ही-मॅन किंवा फनस्कूल कंपनीचा जी. आय. जो हे बाहुले असतील तर नीट ठेवा. भारतात बनलेले म्हणून परदेशातले संग्राहक ते शोधत असतात, आणि पुठ्ठ्यावर बंद असतील तर विचारूच नका.

ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर मागितलेली किंमत बघू नका, कुणीही काहीही मागतं. 'विकलेल्या वस्तू' हा फिल्टर लावून बघा. पीएसए या कंपनीकडून ग्रेडिंग करावं, म्हणजे कार्डाची स्थिती तपासून दहापैकी गुण घ्यावेत, असं कुणी सुचवेल. दहापैकी आठच्या खाली जाणारं साधं कार्ड असेल तर फी आणि पोस्टेजच त्याच्या किमतीवर जातं.

एक राहिलंच. पाकिटं पुन्हा चिकटवून विकणारेही आहेत, त्यामुळे वर सांगितलेला भाव खात्री पटल्यावरचा. आणि मी व्यापारी नाही. माझ्याकडे आज एकच कार्ड आहे, भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून राहिलेलं, म्हणून वाचलं.

बंद पाकीट असेल तर मागच्या घडीचा फोटो टाका, मी बघून सांगतो. बहिणीला शेजारी बसवून ट्रंक उघडा, तिचाही त्यात वाटा आहे; मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या माणसाला आज रात्रीच फोनवर नाही म्हणा. सकाळी तो रोख पैसे घेऊन दारात उभा राहिला की नाही म्हणणं अवघड जातं.