फट, चाल की प्ले?

प्रश्न असा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधताना ‘क्लिअरन्स’ आणि ‘एंड प्ले’ अशी दोन मापं घेतात. दोन्हींना ‘फट’ म्हटलं तर चालेल का?

क्लचच्या क्लिअरन्सला चालेल, एंड प्लेला नाही.

फटीत काहीतरी घालता येतं. दाराच्या फटीत कागद जातो, तशी इथे फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, मापाची पाती. क्लचच्या ड्रममध्ये (डब्यासारख्या भागात) प्लेटा रचायच्या, सर्कलिप (प्लेटा अडवून धरणारी कडी) खाचेच्या वरच्या कडेला टेकवायची आणि ती व सगळ्यात वरची जाड प्लेट यांच्यामध्ये दोन-तीन ठिकाणी पाती घालून बघायची. अस्तराच्या (घर्षणाचा थर असलेल्या) प्लेटा आधी गिअरबॉक्सच्याच तेलात भिजवलेल्या हव्यात. अस्तराच्या दर प्लेटीमागे ०.२५ मिमी हा ढोबळ हिशेब, पण अखेरचा शब्द त्या मॉडेलच्या मॅन्युअलचा. समजा, पाच प्लेटांना १.२५ हवी आणि भरली १.८५, तर ०.६० मिमीने जास्त जाड वरची प्लेट किंवा सर्कलिप घालायची. फट कमी राहिली तर सुटलेल्या क्लचच्या प्लेटाही घासत राहतात, तापतात आणि जळतात. जास्त राहिली तर पिस्टनला लांब जावं लागतं, गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतो.

एंड प्ले ही शाफ्टची लांबीच्या दिशेने होणारी हालचाल आहे. गिअरबॉक्सचा तेलाचा पंप गॅस्केटसह पूर्ण आवळून शाफ्टच्या टोकावर डायल गेज (काट्याचं मापक) अगदी शाफ्टच्या रेषेत लावतात. काटा शून्यावर आणून शाफ्ट वर उचलला की काटा फिरतो तितका प्ले. समजा, तो १.१० भरला आणि ०.६० हवा आहे, तर १.६० मिमी जाडीचा थ्रस्ट वॉशर (शाफ्टचा रेटा झेलणारी चकती) काढून २.१० चा घालायचा. काटा हललाच नाही, तर आत काहीतरी नीट बसलेलं नाही. पंप पुन्हा उतरवायचा. इथे ‘शाफ्टची फट’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) यांच्यातली गोल जागा वाटेल, आणि ते मापच वेगळं.

‘चाल’ हा शब्द पिस्टनच्या धावेसाठी राखून ठेवावा. हवेचा दाब देऊन क्लच तपासतात, तेव्हा डायल गेजवर दिसते ती पिस्टनची चाल. त्यात लाटेच्या आकाराची प्लेट दबते तेवढी भर पडते, म्हणून ते रीडिंग पातीच्या मापाशी जुळत नाही. ‘ढिलाई’ने तर दोषच सुचतो, आणि हा वाव मुद्दाम ठेवलेला असतो. तेव्हा ‘प्ले’ तसाच ठेवावा. स्टिअरिंगमुळे तो सगळ्यांच्या तोंडी आहेच.

क्रियापदाकडे मात्र जास्त लक्ष हवं. ‘माप काढणे’ म्हणजे मोजणे, पण ‘डाग काढणे’ म्हणजे घालवणे. ‘प्ले काढला’ या वाक्याचा अर्थ ‘मोजला’ असाही होतो आणि ‘नाहीसा केला’ असाही. दुसरा अर्थ धरून कोणी जाड वॉशर घातला, तर शाफ्ट जाम होईल. लिहिताना ‘प्ले मोजला’, ‘प्ले कमी केला’, ‘फट १.२५ ठेवली’ असंच लिहावं.